चष्मा लावून झोपलेला माणूस

४ मार्च

चष्मेवाल्या बाईंना,

पाकीट बघून दचकू नकोस. तुझी नणंद धडधाकट आहे, फक्त मुकी झाली आहे. घशाच्या डॉक्टरांनी आत दुर्बीण घालून बघितलं तर आवाजाच्या पडद्यांवर गाठी. पुढचे काही महिने बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. इतकी वर्षं बसमध्ये "पुढे सरका, दारात उभं राहू नका" म्हणून कोकलत आले, त्याचं हे बक्षीस. डेपोने मला बसवरून उतरवून मागच्या खोलीत बसवलं आहे. तिथे प्रवाशांनी विसरलेल्या वस्तू सांभाळायच्या. छत्र्या, डबे, पेटीभर चष्मे आणि एक कवळी. माणूस कवळी विसरून घरी जातो आणि जेवायला बसला तरी त्याच्या लक्षात येत नाही, हे काही मला पटत नाही.

तुझ्या नवऱ्याने फोनवर बातमी सांगितली तेव्हा मी तपासून नुकतीच घरी आले होते. तो आपला "ताई, ऐकतेस ना? बाळ येणार आहे" असं विचारतोय आणि मला हूं म्हणायचीसुद्धा चोरी. शेवटी फोनवर नखाने टकटक केलं. आता आमचं ठरलंय, एक टक म्हणजे हो आणि दोन टक म्हणजे नाही. माझ्यासारख्या बाईला दोनच शब्दांवर आणून ठेवलं बघ. मोबाईलवर अंगठ्याने लिहायला गेले तर भलतंच उमटतं, म्हणून ही वही काढली.

पण काय गं, पाचवा महिना लागल्यावर सांगता होय? म्हणजे बाळाने निम्मा प्रवास फुकटच केला. मी त्याला बिनतिकिटवाला म्हणणार, तुला आवडो न आवडो.

भाऊ कसा आहे ते खरं लिही. त्याला विचारलं की "मस्त" म्हणतो. आई गेल्यावर त्याला मी वाढवलाय, त्याचं "मस्त" मला कळतं. तो बायकांचा मोठा डॉक्टर होणार हे मी डेपोत इतक्यांदा सांगितलंय की ड्रायव्हर मंडळी मलाच डॉक्टरीणबाई म्हणतात. तेव्हा त्याला नीट खाऊपिऊ घाल, आणि त्याच्याआधी स्वतः खा.

तुझी मुकी नणंद

१५ मार्च

प्रिय ताई,

तुमचं पत्र दुकानात काउंटरमागे बसून वाचलं आणि कवळीपाशी मला हसू आवरेना. समोर एक गिऱ्हाईक नव्या चष्म्यात आरशात बघत होते. त्यांना वाटलं, मी त्यांनाच हसले. फ्रेम बदलून घेऊन गेले. मालक म्हणाले, "बाई, यापुढे पत्रं घरी."

भाऊ कसा आहे म्हणून विचारलंत. खरं सांगायचं तर मला तो बहुतेक झोपलेलाच दिसतो. दीड खोलीचं आमचं घर हॉस्पिटलच्या मागच्या फाटकासमोर आहे, खाली टायरचं दुकान. दिवस, रात्र आणि वर अर्धा दिवस काम करून तो दुपारी येतो, बूट दारात सोडतो आणि कपड्यांसकट आडवा होतो. खाली हातोडे चालू असतात, पण याला पत्ता नसतो. दिवसभर दुसऱ्यांची बाळं हातात झेलतो आणि स्वतःच्या बाळाची चौकशी आठवड्यातून एकदा, तीसुद्धा जांभई देत.

एक गंमत सांगते. तो झोपेत बोलतो. बडबड नाही, अगदी मुद्द्याचं. वॉर्डमधून फोन आला की डोळे न उघडता फोन कानाला लावतो, कुठलं औषध किती द्यायचं ते सांगतो, "काही वाटलं तर पुन्हा कळवा" म्हणून ठेवतो, आणि उठल्यावर यातलं काही आठवत नाही. पहिल्यांदा झालं तेव्हा घामाघूम होऊन वॉर्डमध्ये विचारायला धावला, आपण काय सांगून बसलो म्हणून. सगळं बरोबर सांगितलं होतं. परवा मी विचारलं, "मेणबत्त्या कुठे ठेवल्यास?" डोळे मिटलेलेच. "कात्रीच्या डब्यात." खरंच तिथे होत्या. संध्याकाळी म्हणतो, कसल्या मेणबत्त्या?

मला आता खूण सापडली आहे. चष्मा नसला की तुमचा भाऊ बहिरा होतो. जागा झाला की आधी उशाशी चाचपडून चष्मा घालणार, मग "हं, काय म्हणालीस?" म्हणणार. म्हणून मी चष्मा बघते. उशाशी असेल तर साहेब झोपेत आहेत, डोळ्यावर असेल तर जागे आहेत. चष्म्याच्या दुकानात काम केल्याचा संसारात एवढा तरी उपयोग.

बिनतिकिटवाला हल्ली आतून ढकलाढकली करायला लागला आहे. तुमचं नाव त्याला सांगितलं आहे.

तुमची,
चष्मेवाली

२ एप्रिल

चष्मेवाली,

झोपेत बोलण्याचं तू मला काय सांगतेस? शाळेसाठी हाक मारली की उठून बसायचा. "उठलो," म्हणायचा. "दात घासलेस?" "घासले." "दूध प्यायलास?" "प्यायलो." मी आपली स्वयंपाकघरातून विचारतेय आणि तो आपला उत्तरं देतोय, सगळी गाढ झोपेत. एकदा तर गणवेश अंगात, दप्तर खांद्याला आणि स्वारी कॉटवर आडवी. मी हलवून जागा केला तर मलाच विचारतो, हे दप्तर मला कोणी अडकवलं? त्या दिवशी शाळा बुडाली आणि मी कामावर उशिरा गेले.

माझं ऐक आणि याचा फायदा घे. त्याच्याकडून काही कबूल करून घ्यायचं असेल तर झोपेत विचार. पाळण्याजवळ उठायची पाळी कोणाची, ते आत्ताच ठरवून टाक.

माझा घसा तसाच आहे. न बोलता कळलं की डेपोत माझ्याशिवायही सगळे भरपूर बोलतात. काल एक बाई छत्री न्यायला आली आणि माझ्यासमोर स्टुलावर बसून सासूचं गाऱ्हाणं सांगत बसली. मी आपली मान हलवतेय. जाताना म्हणाली, तुमच्यासारखं समजून घेणारं कोणी भेटत नाही. छत्री विसरून गेली.

जिना हळू उतर. आणि बाळाला माझं नाव सांगितलंस ते बरं केलंस, पण आवाज कसा आहे ते सांगू नकोस. घाबरेल.

मुकी नणंद

२८ एप्रिल

प्रिय ताई,

तुम्ही खरं लिही म्हणाला होतात, म्हणून लिहिते. त्याला कळू देऊ नका.

गेल्या आठवड्यात त्याने एका बाईला तपासून घरी पाठवलं, अजून वेळ आहे म्हणून. ती दोन तासांत परत आली ती अगदी टोकाला. आई आणि बाळ दोघं सुखरूप आहेत, पण थोडक्यात वाचली. त्याच्या मोठ्या मॅडमनी सगळ्यांसमोर, अगदी सफाईवाल्या बाईसमोरसुद्धा, त्याला उभं करून विचारलं, "तुमच्या हातात माणसं द्यायची की नाही, सांगा." घरी आला तो जेवला नाही. बुटांची नाडी हातात धरून तसाच बसून राहिला. मग म्हणाला, "आणखी एक चूक झाली ना, तर मी हे सोडणार. माझ्या हाताने कोणाचं काही होण्यापेक्षा तुझ्या दुकानात काचा पुसेन." मी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. तो गंमत करत नव्हता, ताई.

त्यानंतर तो वॉर्डमध्ये प्रत्येक गोष्ट दोनदा बघतो. झोप आणखी कमी झाली. मी ठरवलं आहे की माझ्या बारीकसारीक कुरकुरी त्याच्यापर्यंत जाऊ द्यायच्या नाहीत. पाय सुजतात, कंबर धरते, ते सगळ्याच बायकांचं होतं.

पण परवा उठल्याउठल्या, चष्मा घालून, त्याने पोटाला कान लावला. बिनतिकिटवाल्याने अशी लाथ मारली की चष्मा नाकावरून खाली. तो खूप दिवसांनी मोठ्याने हसला. तेवढं एक मी जपून ठेवलं आहे.

तुमची,
चष्मेवाली

९ जून

सूनबाई,

परवा त्याचा फोन आला. तो बोलत होता आणि मी ऐकत होते. "ताई, ऐकतेस ना?" म्हणाला. मला एक टकसुद्धा करता आली नाही.

मुलगी होती, असं म्हणाला. आठवा महिना चालू होता.

रागाने लिहू नये असं दोन दिवस स्वतःला सांगितलं. पण बोलता येत नाही, निदान लिहू तरी दे. तो म्हणाला की आदल्या सकाळपासून बाळाची हालचाल थांबली होती आणि तू दुसऱ्या दिवशी सकाळी हॉस्पिटलमध्ये गेलीस. त्या दुपारी तो घरात होता. तुझ्या शेजारी झोपला होता. ज्या गोष्टीसाठी शंभर बायका जिना चढून त्याच्याकडे येतात, तो माणूस हाताच्या अंतरावर होता. एक हाक मारायला काय झालं होतं? त्याची झोप मोडेल म्हणून? मोडली असती तर मोडली असती.

"तिने मला उठवलं का नाही?" हे त्याने मला तीनदा विचारलं. मी काय सांगणार. तूच सांग.

ताई

२० जून

ताई,

उठवायला हवं होतं. माझं चुकलं.

मी दुकानात जायला लागले आहे. तब्येत बरी आहे. त्याच्याकडे लक्ष द्या, तो मला काही सांगत नाही.

१४ जुलै

चष्मेवाली,

हे पत्र एकटी असताना वाच.

भाऊ येऊन गेला. मला घशाच्या डॉक्टरांकडे न्यायचं निमित्त काढून दोन दिवस आला होता. गाठी बारीक झाल्या आहेत, अजून थोडे दिवस गप्प बसायचं आहे. ते असो.

मी गप्प होते म्हणूनच तो बोलला. मी बोलती असते तर मध्येच "जेवून घे, होईल सगळं ठीक" असं काहीतरी म्हणाले असते आणि तो थांबला असता. सकाळी सुरू झाला तो चहा दोनदा गार झाला तरी बोलतच होता. आता तो बहुतेक दिवस हॉस्पिटलच्या होस्टेलवरच झोपतो, हे मला तेव्हा कळलं. तू लिहिलं नव्हतंस. म्हणाला, "घरी गेलो की ती माझं सगळं करते, पण मला तिच्याकडे बघवत नाही. बघितलं की तोच प्रश्न येतो, ती बोलली का नाही? माझी बायको असून तिला माझ्यावर एवढाही भरवसा नव्हता का?"

मी पाटीवर लिहिलं, त्या दिवशी काय काय झालं ते पहिल्यापासून सांग. मला तुझ्यावर आणखी चिडायचं होतं, दुसरं काही नाही.

त्याने सांगितलं. दुपारी आलो, आडवा झालो, संध्याकाळी खालच्या हातोड्यांनी जाग आली. उशीर झाला होता. म्हणाला, "घाईत होतो, पण चष्मा शोधावा लागला नाही, डोळ्यावरच होता. चष्मा लावून झोपलो होतो, काडी पार वाकलेली. वाचता वाचता झोपलो असेन. तसाच पळालो. ती कॉटवर डाव्या कुशीवर पडून होती, मी तिला बरी आहेस का, एवढंसुद्धा विचारलं नाही."

मी त्याला म्हणणार होते की हातात पुस्तक घेऊन झोपण्याइतकी शुद्ध तुला कधी होती? पण पाटी हातातच राहिली. कारण मग सगळं एकदम माझ्यासमोर आलं. दप्तर खांद्याला लावून झोपलेलं पोर मी पाहिलं आहे, बाई. "दात घासले, दूध प्यायलो" म्हणणारं. तो कपड्यांसकट झोपतो, पण चष्मा उशाशी काढून ठेवल्याशिवाय झोपत नाही, हे मला तूच लिहिलं होतंस. मग त्या दुपारी चष्मा डोळ्यावर कशाला गेला? आणि तू डाव्या कुशीवर का होतीस? बाळ हललं नाही की डाव्या कुशीवर पडा, हेच तो सगळ्या बायकांना सांगतो ना?

तू हाक मारली होतीस. त्याने उत्तरही दिलं. हो ना?

त्याला मी काही कळू दिलं नाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघून पाटी पुसून टाकली. पण मला तू खरं लिहायचं आहेस. नऊ जूनला मी तुला जे लिहिलं, ते मला आता गिळवत नाही.

ताई

२२ जुलै

प्रिय ताई,

हो.

दुकानातून जेवायला घरी आले तेव्हा लक्षात आलं की सकाळपासून आत शांत आहे. पाणी प्यायले, फिरले, पोटावर टिचकी मारली. रोज टिचकीला उत्तर यायचं. मी ठरवलं होतं की कुरकुरी त्याच्यापर्यंत न्यायच्या नाहीत, पण ही कुरकुर नव्हती. मी त्याला उठवलं. खांदा धरून हलवलं आणि म्हटलं, "ऐक ना, बाळ सकाळपासून हललं नाही."

तो उठून बसला. उशाशी हात नेला, चष्मा घेतला, डोळ्यावर चढवला, दोन्ही काड्या कानामागे नीट बसवल्या. माझ्याकडे बघितलं. पोटावर हात ठेवला आणि थोडा वेळ ठेवूनच होता. मग म्हणाला, "काहीतरी खाऊन घे. डाव्या कुशीवर झोपून राहा. बाळं पण झोपतात. सकाळपर्यंत बघू." आणि माझ्या हातावर थोपटलं. आडवा झाला तो चष्म्यासकटच, पण मला वाटलं, पुन्हा उठायचं असेल म्हणून ठेवला असेल.

चष्मा डोळ्यावर होता, ताई. मी दुसरं काय बघणार होते?

मी एक सफरचंद खाल्लं आणि त्याच्या शेजारी डाव्या कुशीवर पडून राहिले. संध्याकाळी तो धडपडत उठला आणि काही न विचारता गेला. मला त्याचाच धीर वाटला. वाटलं, काळजीचं असतं तर विचारलं असतं. त्याने बघितलंय, त्याला माहीत आहे, म्हणून विचारत नाही.

सकाळी फाटकातून आत गेले तेव्हा तोच ड्युटीवर होता. मॅडमनी स्वतः मशीन लावलं. त्या पडद्याकडेच बघत राहिल्या. मग त्याने विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, काल सकाळपासून. "मग मला का नाही सांगितलंस?"

मी त्याच्याकडे बघितलं. तो खरंच विचारत होता. त्याला काहीच माहीत नव्हतं. बाजूला मॅडम उभ्या, दोन नर्सेस उभ्या, आणि त्याच्या हातात माझी फाईल होती. तो बुटाची नाडी हातात धरून बसला होता ती संध्याकाळ मला आठवली. "आणखी एक चूक झाली तर." मी म्हटलं, "तुला उठवावंसं वाटलं नाही."

एवढंच वाक्य. नंतर ते मागे घेता येईना. मॅडमना मी एकटी असताना विचारलं, आदल्या दिवशी आले असते तर? त्या म्हणाल्या, नाळेला पीळ होता. कदाचित वाचली असती, कदाचित नाही. यातलं कुठलं धरून राहायचं ते मला अजून ठरवता येत नाही.

ताई, त्याला कळलं तर तो पुन्हा कुठल्याही बाईच्या पोटावर हात ठेवू शकणार नाही. आणि नाही कळलं तर तो माझ्याकडे बघू शकत नाही. मी मोजून बघते तेव्हा पहिलंच मोठं वाटतं. तुम्ही त्याला घडवलंय, तुम्हालाही तसंच वाटेल.

त्या वाकलेल्या काडीचं काय करायचं ते कळत नव्हतं. मीच दुकानात नेऊन गरम वाळूत धरली आणि सरळ केली. मालकांनी विचारलं, कशाने वाकली? मी म्हटलं, झोपेत.

आणखी एक. तिचं नाक तुमच्यासारखं होतं. हे मी कोणाला सांगितलं नव्हतं.

चष्मेवाली

३० जुलै

माझ्या पोरी,

मी लिहिलेलं ते पत्र फाडून टाक. फाडलं असशील तर बरंच झालं. माफी मागायला तोंड नाही, आणि जे आहे ते डॉक्टरांनी बंद केलंय.

नाकाचं वाचल्यावर मी आरशात गेले. एवढंच लिहिते.

तू म्हणतेस, मलाही तसंच वाटेल. मलाही वाटत होतं की मला तसंच वाटेल. इतकी वर्षं तो डॉक्टर व्हावा यापलीकडे मी काही मागितलं नाही. पण तुझं पत्र वाचून माझ्या मनात पहिल्यांदा तो आला नाही, तू आलीस. एकटी दुकानात जातेस, काड्या सरळ करतेस, आणि घरी येऊन त्याचा राग गिळतेस. कळलं तर तो मोडेल म्हणतेस. मोडेल कदाचित. पण आत्ता तू मोडते आहेस आणि ते कोणाला दिसतसुद्धा नाही.

माझं मत विचारशील तर सांगून टाक. डॉक्टर नाही झाला तरी माझा भाऊच राहील. पण मुलगी तुझी होती, चूक झाली ती तुझ्यासमोर झाली, तेव्हा सांगायचं की नाही हे तूच ठरवायचं. मी माझ्या तोंडून एक अक्षर जाऊ देणार नाही, आवाज परत आला तरी.

तो पुन्हा फोनवर विचारेल, "तिने मला का नाही उठवलं?" एक टक, दोन टक, दोन्ही खोटं ठरतं.

तुझी ताई

२५ ऑगस्ट

प्रिय ताई,

तुमच्या पत्रानंतर मी त्याला रोज सांगणार होते. तो घरी येईचना. आला की दारातच उभा राहून कपडे बदलायचा आणि निघायचा. मग गेल्या आठवड्यात होस्टेलची खोली दुसऱ्या कोणाला लागणार होती म्हणून दुपारी घरी आला आणि झोपला. मी खिडकीशी बसून एका गिऱ्हाइकाच्या फ्रेमचा स्क्रू लावत होते.

फोन वाजला. तो उठून बसला. उशाशी चाचपडला, चष्मा घातला, काड्या कानामागे बसवल्या. म्हणाला, "हो मॅडम, मी येतो, टेबल तयार ठेवा." फोन ठेवला आणि आडवा झाला. मी स्क्रू हातात धरून बघत राहिले. उठवायला उठणार होते, ताई, खरंच उठले होते, तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. या वेळी तो दचकून जागा झाला. मॅडमचा आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता. तो म्हणाला, "नाही मॅडम, मला आधी कोणाचाच फोन आला नाही."

मग डोळे चोळायला त्याने हात चेहऱ्याकडे नेला आणि हात चष्म्याला लागला.

त्याने बोटांनी काडी चाचपून बघितली. मग त्याने फोन बघितला. त्यात आधीचा फोन दिसत असणार. माझ्याकडे न बघता विचारलं, "मी बोललो?"

"हो."

"चष्मा घालून?"

मी हो म्हटलं. त्याने बूट घातले. एक नाडी बांधून झाली आणि दुसरीपाशी तो बराच वेळ वाकून बसला. त्याला जावंच लागणार होतं, तिकडे कोणीतरी त्याची वाट बघत होतं. गेला. ती बाई आणि तिचं बाळ सुखरूप आहेत, हे मी दुसऱ्या दिवशी फाटकावरच्या माणसाला विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो होस्टेलवर गेला नाही, घरी आला. जेवला. ताट त्याने धुतलं. कॉटवर बसून चष्मा काढला, मिटला, आणि उशाशी ठेवायच्याऐवजी माझ्या हातात दिला. "मी झोपलो की हा तुझ्याकडे ठेवत जा," म्हणाला. "मागितला तरी देऊ नकोस. आधी मला उभा कर, तोंडावर पाणी मार, मग दे." मॅडमना त्याने सकाळीच सांगून ठेवलं होतं की झोपेत असताना मला फोन करायचा नाही, माणूस पाठवून उठवायचं. का, ते त्यांना सांगितलं की नाही मला माहीत नाही.

मग तो भिंतीकडे तोंड करून झोपला. बराच वेळ त्याचे खांदे हलत होते. मी त्याच्या पाठीला पाठ लावून पडले, डाव्या कुशीवर नाही, उजव्या. मी काही सांगितलं नाही आणि त्याने काही विचारलं नाही. तो प्रश्न तो तुम्हाला आता फोनवर विचारणार नाही असं मला वाटतं.

संध्याकाळी जाग आली तेव्हा तो उभा होता. तोंड धुतलेलं, केसांतून पाणी गळत होतं. चष्मा माझ्या मुठीतच होता, काचेवर माझ्या बोटांचे ठसे उमटले होते. त्याने हात पुढे केला.

मी विचारलं, "जागा आहेस?"

"हो," म्हणाला.

तरी मी तो लगेच दिला नाही.

तुमची,
चष्मेवाली